जुन्या घराचे छप्पर हिरवे करण्यापूर्वी

रायगडच्या किनाऱ्यावर वैशाख सरत आला की पूर्वी घरोघर शाकारणीची घाई उडत असे. फुटलेली कौले बदलायची, सरकलेली जागेवर बसवायची, किडलेला वासा काढून नवा घालायचा, पन्हळी साफ करायच्या आणि मृगाची पहिली सर येण्याआधी छप्पर सज्ज ठेवायचे, हा वर्षाचा ठरलेला क्रम होता. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अलिबाग, पेण, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन येथील बाजारपेठांतल्या अनेक घरांवरची कौले उतरली आणि त्यांच्या जागी सपाट स्लॅब आला. खाली दुकान, वर बिऱ्हाड, त्यावर मोकळी गच्ची. वाळवणाला जागा झाली, चोरीची धास्ती कमी झाली, पुढे मजला चढवण्याची आशाही राहिली. शाकारणीचा त्रास संपला, असे सर्वांना वाटले.

त्रास मात्र संपला नाही, त्याचे रूप बदलले. चैत्र-वैशाखात वरच्या मजल्यावरची खोली रात्री दहापर्यंत भट्टीसारखी तापलेली राहते आणि आषाढात त्याच खोलीच्या छताला ओल येते. घरातील वडीलधारी मंडळी बहुधा त्याच खोलीत राहतात. म्हणून अलीकडे ‘गच्चीवर माती टाकून हिरवळ करा, घर थंड होईल’ असा सल्ला वारंवार ऐकू येतो. सल्ला खोटा नाही, पण अपुरा आहे. हिरवे छप्पर ही दिसायला बाग असली तरी मुळात ते वजनाचे आणि पाण्याचे काम आहे. जुन्या घराच्या बाबतीत पहिला प्रश्न स्लॅबचा, दुसरा पाण्याच्या वाटेचा आणि झाडांचा प्रश्न तिसरा.

माळवद आणि कौल

छपरावर माती घालणे महाराष्ट्राला नवे नाही. सोलापूर, मराठवाडा, खानदेश या भागांत माळवदाची अथवा धाब्याची घरे पिढ्यान्‌पिढ्या होती. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर पाला-काड्यांचा थर आणि त्यावर चोपून बसवलेली पांढरी माती. मातीच्या जाडीमुळे उन्हाळ्यातही आतील खोली सोसवेल इतकी थंड राही. पण त्या मातीत गवत रुजू दिले जात नसे. मुळांच्या वाटेने पाणी आत उतरते, हे त्या लोकांना ठाऊक होते.

हीच पद्धत घाट उतरून कोकणात का आली नाही, याचे उत्तर पावसात आहे. किनाऱ्यावर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. सोलापूरकडे वर्षाचा पाऊस त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. म्हणून कोकणाने उतरते छप्पर निवडले. आधी गवत, पेंढा आणि झावळ्या, मग नळीची कौले, आणि बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतरच्या काळात मंगलोरी कौले. पाणी छपरावर क्षणभरही थांबू द्यायचे नाही, हे या सगळ्यांमागचे सूत्र. नॉर्वेतील गवताची जुनी छपरेसुद्धा उतरतीच असतात आणि मातीखाली भूर्जवृक्षाच्या सालीचे थर अंथरलेले असतात.

तेव्हा कोकणातील सपाट गच्चीवर माती घालणे म्हणजे कमी पावसाच्या मुलखातील युक्ती अतिपावसाच्या मुलखात आणणे होय. ते करता येते, पण पाण्याचा निचरा नीट साधला तरच. आणि ज्यांच्या घरावर अजून कौले आहेत त्यांनी हा विचार करूच नये. कौलारू छपराचे वासे आणि रिपा मातीच्या ओझ्यासाठी घातलेल्या नसतात. ओल धरली की लाकूड कुजते, वाळवी लागते. कौले पातळ असतात, त्यांच्या फटींतून वारा खेळतो, त्यामुळे सूर्य मावळला की ती लवकर निवतात. माळा मोकळा ठेवणे, गरम हवा वरून बाहेर पडायला झरोका ठेवणे आणि खाली लाकडी तक्तपोशी करणे, एवढ्यावर कौलारू घर उत्तम राहते.

उष्णता येते कशी

स्लॅबचे तसे नाही. दुपारी हवेचे तापमान ३४ अंश असले, तरी शेवाळाने काळवंडलेल्या उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग ५५ अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. ही उष्णता चार-पाच इंच काँक्रीटमधून खाली उतरायला काही तास लागतात. म्हणून बाहेर मतलई वारा सुटण्याच्या सुमारास आतले छत सर्वांत तापलेले असते.

हिरव्या छपराचा उपयोग इथे होतो. पानांची सावली पडते, मातीचा थर उष्णता अडवतो आणि पानांतून पाण्याची वाफ होताना थोडा गारवा येतो. सातारा-सोलापूरच्या कोरड्या हवेत हा तिसरा फायदा मोठा असतो. किनाऱ्याच्या दमट हवेत तो कमी मिळतो. आपल्याकडे खरे काम सावली आणि थर करतात. हे ध्यानात ठेवले तर पुढचा एक निष्कर्ष आपोआप निघतो: सावली दुसऱ्या कोणत्या उपायाने मिळाली, तरीही बराचसा लाभ पदरात पडतो.

वजनाचा हिशेब

व्यापारी घरांना हिशेब सांगावा लागत नाही, म्हणून हा हिशेब नीट मांडू. एक हजार चौरस फूट गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. तिच्यावर बागेतील साधी माती केवळ दहा सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे-वीतभरातला थर, पसरला तर ती सव्वानऊ घनमीटर होते. पावसात पूर्ण भिजलेली माती घनमीटरला १६०० ते १९०० किलो भरते. म्हणजे गच्चीवर पंधरा ते साडेसतरा टन ओझे आले. दहाचाकी ट्रकमध्ये जेवढा माल भरतात, जवळजवळ तेवढे. आणि ट्रक रिकामा होतो, हे ओझे मात्र कायमचे.

आता स्लॅबची कुवत पाहू. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे ज्या गच्चीवर माणसांचा वावर असतो, तिच्यासाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलो चल भार धरतात. पण ही तरतूद माणसांसाठी आहे, बागेसाठी नव्हे. एकाच रकमेचे दोन धनादेश वटत नाहीत, तसेच हे. शिवाय गावातील जुन्या घरांचे स्लॅब पुष्कळदा नकाशा-गणिताशिवाय, मिस्त्रीच्या अंदाजाने पडलेले असतात.

त्यातच आणखी एक लपलेले ओझे असते. गळती थांबवण्यासाठी गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात. दहा सेंटिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो भरतो. पहिला कोबा गळू लागला की तो न काढता त्यावरच दुसरा घातल्याची उदाहरणे जागोजागी दिसतील. अशा गच्चीची शिल्लक बाग लावण्याआधीच संपलेली असते. उलट, अभियंत्याच्या सल्ल्याने जुने थर हातोडी-छिन्नीने जपून काढले आणि हलके जलरोधक आवरण दिले, तर बागेसाठी लागणारी वजनाची जागा तिथूनच निघू शकते.

अमेरिकेतील शिकागोच्या नगरभवनावर २००१ मध्ये हिरवे छप्पर पूर्ण झाले. ती इमारत १९११ सालची. तिथे सगळीकडे सारखी माती घातलेली नाही. खालच्या खांबांचा आधार आहे तिथे थर जाड आणि इतरत्र पातळ ठेवला आहे. आपल्या लहान घरालाही हाच नियम लागू पडतो. मोठ्या कुंड्या खांबांच्या, तुळयांच्या आणि भिंतींच्या डोक्यावर ठेवाव्या. खोलीच्या मध्यावर कधीही नाही.

खाऱ्या हवेतील सळई

किनाऱ्यावरच्या स्लॅबचा खरा शत्रू आत असतो. खारी हवा आणि ओल काँक्रीटमध्ये शिरली की आतील सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो फुगून काँक्रीटला आतून फोडतो. मग छताला सळईच्या रेषेत तडे दिसतात, पोपडे सुटतात आणि शेवटी तांबूस सळई उघडी पडते. आजचे मानक (भारतीय मानक ४५६, सन २०००) साध्या हवेत सळईवर २० मिलिमीटर आणि तीव्र स्वरूपाच्या हवेत ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन मागते. जुन्या स्लॅबमध्ये ते पुष्कळदा त्याहून बरेच कमी सापडते. काही ठिकाणी खाडीची रेती न धुता वापरलेली असते. तिथे मीठ पहिल्या दिवसापासूनच आत बसलेले असते.

म्हणून गच्चीवर मातीचे एक घमेले चढवण्याआधी खालून छत तपासून घ्यावे. हातोडीने हलकेच ठोकल्यावर बद्द आवाज आला तर आतील थर सुटला आहे असे समजावे. गिलाव्याखाली लपलेले दोष घरच्या माणसाला दिसत नाहीत. त्यासाठी संरचना अभियंत्याकडून रीतसर तपासणी करून घ्यावी. मुंबई महापालिकेच्या कायद्यात तीस वर्षांहून जुन्या इमारतींना अशी तपासणी सक्तीची आहे. आपले गाव लहान असले तरी समुद्र तोच आहे. अभियंत्याला ‘गच्ची चांगली आहे ना?’ असे मोघम विचारू नये. ‘भिजलेल्या अवस्थेत चौरस मीटरला किती किलो जादा वजन चालेल, आणि कोणत्या भागात?’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. उत्तर ‘शून्य’ आले तर तेही मौल्यवान उत्तर आहे. पुढे मांडवाचा विचार आहे, तो अशांसाठीच.

थर कसे असावेत

परवानगी मिळाल्यावरचे काम खालून वर असे चालते. प्रथम स्लॅबची दुरुस्ती. मग पाण्याच्या तोटीकडे उतार, शंभराला एक तरी. मग जलरोधक आवरण, ते कठड्यावर वीतभर चढवलेले. यानंतर गच्चीत पाणी भरून दोन दिवस ठेवतात आणि खालून छत पाहतात. पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, हे विसरू नये आणि ही चाचणी अभियंत्याच्या संमतीनेच करावी. ती टाळून पुढे गेल्यास गळती कुठे आहे ते नंतर सगळी माती उपसल्याशिवाय कळत नाही.

चाचणीनंतर मुळे अडवणारा जाड प्लॅस्टिकचा पत्रा, त्यावर पाणी वाहून नेणारा खाचांचा थर, त्यावर माती गाळून धरणारे कापड आणि सर्वांत वर आठ-दहा सेंटिमीटर हलके मिश्रण. नारळाच्या सोडणाचा भुसा, कुजलेला पाला, गांडूळखत आणि विटांचा चुरा यांचे मिश्रण भिजल्यावरही मातीपेक्षा बरेच हलके राहते. तरीही सगळे थर मिळून ओले वजन चौरस मीटरला १२० ते १५० किलोपर्यंत जाते. मिश्रण विकत घेताना कोरडे वजन सांगतात. हिशेब ओल्या वजनाचा करावा.

मातीवाचून बाग होते याचा दाखला खाडीपलीकडेच आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मुख्य स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून भाजीपाला आणि फळझाडे वाढवली, ती स्वयंपाकघरातील ओला कचरा आणि वाळलेला पाला कुजवून केलेल्या खतावर. त्याआधी मुंबईतच डॉ. दोशी यांनी उसाची चिपाडे वापरून गच्चीवरील शेतीचे प्रयोग केले होते.

तोटी एकच असेल तर दुसरी काढावी. दोन्हींभोवती हातभर जागा मातीविना ठेवून तिथे गोटे घालावे, वर जाळी बसवावी. मुंबईत सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक किलो पाणी. तोटी तुंबलेली असेल, तर अशा दिवशी गच्चीचा हौद व्हायला वेळ लागत नाही.

झाडे, पाणी आणि जयणा

परदेशी पुस्तकांत हिरव्या छपरासाठी सेडमची शिफारस असते. थंड प्रदेशातील ती मांसल रोपे आपल्या चार महिन्यांच्या ओलीत सहसा कुजतात. आपल्याकडे दूर्वा, घोळ, चिनी गुलाब, पानफुटी, गवती चहा, कोरफड अशी ऊन, वारा आणि खारेपणा सोसणारी झाडे बरी. कंदमुळे आपल्या घरांत लावली जात नाहीतच. पातळ थरालाही ती मानवत नाहीत. पिंपळ, वड आणि उंबर यांची रोपे पक्ष्यांच्या विष्ठेतून आपोआप रुजतात. ती दोन पानांची असतानाच अलगद काढून जमिनीत लावावी. मूळ एकदा भिंतीत शिरले की घरही जाते आणि झाडही तोडावे लागते.

पाण्याचा हिशेब उन्हाळ्याचा करावा. साध्या टिकाऊ झाडांनाही दिवसाला तीन मिलिमीटर पाणी धरले, तरी हजार चौरस फुटांना रोज सुमारे २८० लिटर लागते. किनाऱ्यावरच्या अनेक विहिरी वैशाखात मचूळ होतात, त्याच काळात ही मागणी सर्वाधिक असते. भाज्या-तांदूळ धुतलेले साबणाविना पाणी साठवून वापरता येईल, पण तेवढ्याने संपूर्ण गच्ची भागत नाही. म्हणून बाग पाण्याच्या मापाने करावी, गच्चीच्या मापाने नव्हे.

आपल्या घरांत आणखी एक विचार स्वाभाविकपणे येतो. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या जागी पाय ठेवणे आपण टाळतो. गच्चीवर पाणी साचले तर शेवाळ, डास आणि कीड वाढणार, आणि पुढे कुणीतरी औषधाची फवारणी सुचवणार. ती वेळ येऊ न देणे हीच जयणा, आणि तिची सुरुवात बांधकामातच होते. उतार नीट असावा, पाणी थांबू नये, एकाच जातीची रोपे दाटीने लावू नयेत, येण्या-जाण्याची वाट कोरडी आणि वेगळी ठेवावी. इतके केल्यास चातुर्मासातही गच्चीवर निर्धास्त जाता येते.

बंद घर आणि वादळ

किनाऱ्यावरच्या आपल्या अनेक घरांना आज कुलूप आहे. पुढची पिढी मुंबई-पुण्यात असते, घर दिवाळीत आणि मे महिन्यात उघडते. अशा घरावर हिरवे छप्पर करू नये, असे स्पष्टच सांगितले पाहिजे. जुलै महिन्यात जाळीवरचा पालापाचोळा दर आठवड्याला काढणारे माणूस हवे. घर सामाईक असेल, तर कोणत्या भावाकडे ही जबाबदारी आणि खर्चाचा वाटा कोणाचा, हे माती चढण्याआधी ठरावे.

वादळाचेही तसेच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. कौले आणि पत्रे उडाले, श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. गच्चीवरची सुटी कुंडी किंवा हलका ट्रे अशा वाऱ्यात शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो. जे ठेवायचे ते कठड्यापेक्षा खाली आणि बांधलेले असावे.

मांडवाचा मार्ग

अभियंत्याने वजन नाकारले तर निराश होण्याचे कारण नाही. वेलाचे मूळ अंगणातल्या जमिनीत ठेवावे आणि वेल भिंतीलगत दोरीवरून गच्चीवर न्यावा. तिथे हलका मांडव घातला की दोडका, पडवळ, दुधी, वाल, गोकर्ण किंवा कृष्णकमळ यांची सावली स्लॅबवर पडते. मातीचे वजन जमीन सोसते आणि मांडवाखालून वारा वाहतो. वेल मोसमी असल्याने पावसाळ्यापूर्वी मांडव उतरवताही येतो, मग वादळाची काळजी नाही. मुळाला दिलेले पाणी जमिनीतच राहते, त्यामुळे ते लागतेही कमी.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र पांढऱ्या रंगाचा. गच्ची स्वच्छ करून चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात दिला की पृष्ठभाग लक्षणीय कमी तापतो. अहमदाबाद शहराने २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छपरांवर हा प्रयोग केला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. रंग पावसाने उतरतो, म्हणून तो दर उन्हाळ्याच्या तोंडावर नव्याने द्यावा लागतो. शाकारणीची सवय असलेल्या मुलखाला हे जड जाऊ नये.

कोणत्या महिन्यात काय

ज्यांना पूर्ण काम करायचे आहे त्यांनी वर्षाचा क्रम पाळावा. पाऊस चालू असतानाच छतावरील ओलीच्या कडा पेन्सिलीने आखून तारीख लिहावी. दिवाळीनंतर अभियंत्याला त्या खुणा दाखवाव्या. दुरुस्ती आणि जलरोधक आवरण माघ-फाल्गुनापर्यंत पुरे करावे, पाण्याची चाचणी त्यानंतर. रोपे पहिल्या सरींनंतर लावावी, म्हणजे ती पावसाच्या पाण्यावर रुजतात. आणि पहिल्या वर्षी सगळी गच्ची हाती घेऊ नये. भिंतीच्या डोक्यावरचा शंभर चौरस फुटांचा एक पट्टा करावा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा. खालचे छत कोरडे राहिले, आणि वैशाखात पाणी पुरले, तर पुढच्या पट्ट्याचे पाहावे.